तासिका तत्त्वावरची प्राध्यापकी की इन्स्ट्रक्शनल डिझाइन?

एम.ए. झालं, सेटही झाली, आता सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस, म्हणजेच तासिका तत्त्वावर, घेतलेल्या तासांप्रमाणे पैसे) लागू की एखाद्या एडटेक, म्हणजे ऑनलाइन शिक्षणाच्या कंपनीत जाऊ, असं विचारणारी दोन-तीन मुलं तरी दर वर्षी भेटतात. मी दोन्ही केलं आहे. एका महाविद्यालयात पाच वर्षं तासिका तत्त्वावर इतिहास शिकवला. त्यानंतर विद्यापीठांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करणाऱ्या एका कंपनीत इन्स्ट्रक्शनल डिझायनर, म्हणजे ऑनलाइन पाठांची आखणी करणारा, म्हणून लागलो, तो आजही तेच काम करतो. सेट ही राज्याची आणि नेट ही देशपातळीवरची, सहायक प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा.

वर्गाचं सुख दुसऱ्या कशात नाही, हे आधीच कबूल करतो. एस.वाय.ला रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याकडून थेट सारा घेण्याची इंग्रजांची पद्धत, शिकवत होतो. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची १८३० च्या आसपासची साऱ्याची आकारणी, ती शेतकऱ्याला न झेपणं, मग १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्याने सुरू केलेली जमिनीची पाहणी. दुसऱ्या दिवशी एक मुलगी आजोबांचा सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आली. त्यातल्या ‘आकार’ या शब्दावर बोट ठेवून तिने विचारलं, “सर, काल म्हणालात तो हाच का?” त्या तासाला मी पुस्तक उघडलंच नाही. सगळा वर्ग त्या एका कागदाभोवती गोळा झाला होता.

तरीही मी सोडलं, आणि ते पैसे कमी म्हणून नाही. तासाचे पैसे कमी असतात, परीक्षेच्या आणि सुट्टीच्या महिन्यांत मिळत नाहीत, मिळतात तेव्हा चार-पाच महिन्यांचे एकदम मिळतात. हे सगळं मी सोसलं होतं. सोसलं नाही ते दर वर्षीच्या मुलाखतीचं. नेमणूक त्या वर्षापुरती, म्हणून जाहिरात पुन्हा, अर्ज पुन्हा, गुणपत्रकांच्या झेरॉक्सवर सह्या पुन्हा. पाचव्या वर्षी त्याच खोलीत, त्याच टेबलासमोर बसलो. रोज ज्यांच्यासोबत डबा खायचो ते विभागप्रमुख समोर होते. त्यांनी खाली बघत म्हटलं, “आपली ओळख करून द्या.” त्यांचा काही दोष नव्हता, रीतच तशी होती. मी नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, अनुभव चार वर्षं म्हणालो. बाहेर आल्यावर जिन्यात बराच वेळ उभा राहिलो. त्या वर्षीचे तास पूर्ण केले, पण मनाने मी त्या दिवशीच निघालो होतो.

आता दुसरी बाजू. इन्स्ट्रक्शनल डिझाइन म्हणजे स्लाइड सजवणं, असा माझाही समज होता. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात एका विषयतज्ज्ञांची महसूल पद्धतींवरची अडतीस पानी टिपणं हातात पडली आणि त्यांचा बारा मिनिटांचा व्हिडिओ करायचा होता. स्टोरीबोर्डच्या तक्त्यात एका रकान्यात निवेदन, शेजारी पडद्यावर काय दिसेल ते, त्याच्या शेजारी डेव्हलपरसाठी सूचना. खरं काम मात्र तक्ता भरण्याच्या आधीचं असतं. अडतीस पानांतलं काय ठेवायचं? मी प्रिंगलचं अपयश ठेवलं आणि कायद्यांची यादी काढून टाकली. आकारणी का फसली हे कळलं की विंगेटने काय बदललं हे विद्यार्थी स्वतःच विचारतो. साधनं तपासणं, कारणं लावणं, गाळणं हे आपण एम.ए.ला दोन वर्षं करतो. सॉफ्टवेअर मी तीन आठवड्यांत शिकलो. ही नजर तीन आठवड्यांत येत नाही.

काम मिळण्याच्या जागाही वाढल्या आहेत. स्वयम् हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झालं. तिथल्या प्रत्येक अभ्यासक्रमाला व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि चाचणी असे चार भाग लागतात. २०२१ पासून विद्यापीठांना एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) त्यावरून देता येतात. हे साहित्य कुणीतरी लिहावं लागतं.

इथेही खुपणाऱ्या गोष्टी आहेत. विद्यार्थ्याचा चेहरा दिसत नाही, किती जणांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला एवढा आकडा दिसतो. २०२२ नंतर एडटेक कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर माणसं कमी केली, तेव्हा नोकरी पक्की आहे असं मी म्हणणार नाही. निवेदनाचा पहिला खर्डा आता एआयकडून करून घेतात, त्यामुळे नवख्यांना मिळायचं ते सोपं काम आटत चाललंय. माझा सुरुवातीचा पगारही सीएचबीच्या एखाद्या चांगल्या महिन्याएवढाच होता. फरक इतकाच की तो बाराही महिने येत होता.

पीएच.डी. हाताशी असेल, घरचा आधार असेल आणि थांबायची तयारी असेल, तर शिकवणं सोडू नका असंच सांगेन. सहायक प्राध्यापकाची कायम जागा ५७,७०० रुपये मूळ वेतनावर सुरू होते, तेवढी शाश्वती कुठलीही कंपनी देत नाही. जुलै २०२३ पासून किमान पात्रतेसाठी नेट किंवा सेट पुरते, हेही खरं. पण ती जागा निघेपर्यंतची वर्षं कशी काढायची, याचं उत्तर मला तिथे मिळालं नाही. सेटचं प्रमाणपत्र कालबाह्य होत नाही, त्यामुळे इकडे आल्याने तो रस्ता बंद होतो असं मला वाटत नाही.

यायचं ठरवलंत तर बायोडेटाआधी नमुना तयार करा. मूडल हे ऑनलाइन अभ्यासक्रम बांधायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. स्वतः शिकवलेला एक विषय घ्या, दहा मिनिटांचा पाठ आणि पाच प्रश्न बांधा. मी रयतवारीच घेतली होती. त्या मुलीच्या घरच्यांना विचारून सातबाऱ्याचा फोटो घेतला, नावं आणि गट क्रमांक झाकले आणि पहिला प्रश्न ‘आकार’ या शब्दावर ठेवला. कंपनीच्या मुलाखतीत माझ्या पदव्यांबद्दल कुणी फारसं विचारलं नाही. अर्धा तास बोलणं झालं ते त्या कागदावर.