गावचा पाऊस कोणत्या आकड्यांवरून धरायचा? ग्रिड, मंडळाचं केंद्र की आपला पाऊसमापक

यवतमाळ-वर्ध्याच्या कपाशीपट्ट्यात दुबार पेरणीवर संशोधन करायचं, तर कृषी, समाजशास्त्र आणि संख्याशास्त्र असे तिन्ही विभाग एकत्र येतात. पण तिघांनी तीन ठिकाणचा पाऊस धरला, तर मुलाखती आणि आकडे शेवटपर्यंत जुळत नाहीत.

हवामान विभागाची ग्रिड-आकडेवारी, म्हणजे नकाशावर चौकोन आखून प्रत्येक चौकोनाला दिलेला पावसाचा एक आकडा, १९०१ पासून रोजची आहे. पन्नास वर्षांत पावसाचे दिवस घटले का, या प्रश्नाला तीच घ्या. मात्र ०.२५ अंशांचा एक चौकोन इकडे साधारण ७०० चौरस किलोमीटरचा होतो. एका कोपऱ्यातली सर सगळ्या चौकोनाच्या नावावर पसरते. मोठा पाऊस आकड्यांत लहान होतो आणि गावानं भोगलेला वीस दिवसांचा खंड मधेच तुटलेला दिसतो. मग शेतकऱ्यालाच नीट आठवत नाही, असं प्रबंधात लिहिलं जातं. हा त्याच्यावर अन्याय आहे.

महावेध म्हणजे राज्यातल्या स्वयंचलित हवामान केंद्रांचं जाळं. त्याची केंद्रं महसूल मंडळनिहाय आहेत. अतिवृष्टीच्या मदतीसाठी मंडळात चोवीस तासांत ६५ मिमी पाऊस झाला का ते बघतात, म्हणून विषय नुकसानभरपाईचा असेल तर हीच आकडेवारी हवी. दीर्घकालीन कल काढायला मात्र ती अपुरी. त्याला ३० वर्षं लागतात.

दोन हंगामांत चार-पाच गावं अभ्यासायची असतील, तर गावात साधे पाऊसमापकच बसवा. स्वयंचलित यंत्राच्या गाळणीत पालापाचोळा किंवा कोळ्याचं जाळं अडकलं, की भर पावसातही शून्याची नोंद होते. साध्या मापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंमी उंच आणि सपाटीत असावं. झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवी. तोंड २०० चौ. सेंमीचं असेल, तर २० मिली पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. १०० चौ. सेंमीच्या मापकाचं मोजपात्र चुकून वापरलं, तर पाऊस दुप्पट भरतो. ही चूक हंगाम संपेपर्यंत लक्षात येत नाही.

नोंद सकाळी साडेआठला करतात. १४ जूनच्या संध्याकाळचा पाऊस १५ तारखेखाली जातो. शेतकरी १४ सांगतो. जुळवणी करण्याआधी हा एक दिवस सरकवून घ्या.

मुलाखतीत तारखेचा आग्रह नको. मृगात पेरलं की आर्द्रात, ओल किती बोटं गेली होती, पऱ्हाटी कितव्या दिवशी सुकली, असं विचारा. नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं असतं. तेवढ्या अवधीत मापकाची नोंद शोधता येते.