पंख्याची चूल, सहा महिने वापरून: सगळं ठीक, पण वैल कुठाय?

काल दोन लिटर दूध नासलं म्हणून हे लिहायला बसलोय. चुलीच्या रिव्ह्यूत दूध कुठून आलं म्हणाल, तर येतोच तिकडं.

चूल म्हणजे ती स्टीलची, खाली पंखा आणि वरून जळण घालायची ती. सगळ्यांनी बघितलेली आहे, त्यामुळं उंची वजन सांगत बसत नाही. 2024 ची दिवाळी झाल्यावर घेतली, 3,400 सांगितले, घासाघीस करून 3,100 ला. घर बेळगावजवळ येळ्ळूरला, मागं परसात पत्र्याचं शेड आहे तिथं ठेवली. घ्यायचं कारण एकच, सिलिंडर. आंघोळीचं पाणी, आईच्या भाकऱ्या आणि रविवारचं मटण एवढं चुलीवर गेलं की 14.2 किलोची टाकी 35 दिवसांच्या जागी 50 च्या वर जाते, कॅलेंडरवर खुणा केल्यात मी. त्यात 2025 च्या एप्रिलात टाकीचे परत 50 रुपये वाढले, म्हणजे चूल घेतली ते बरंच केलं म्हणायचं.

निर्धूर आहे का? अर्धी. जळण खणखणीत वाळलेलं असलं तर पंखा वरच्या भोकांतून हवा मारतो आणि धूरच जळून जातो, भांड्याचं बूड पण फार काळं होत नाही. जरा ओलं लाकूड घातलं की आपली जुनी चूल आणि ही, काही फरक नाही, डोळे चोळत बसा. बाभळ सगळ्यात बेस्ट, करवंट्या पण भारी, नीलगिरी भसाभसा जळून संपते. आणि सगळं बोटभर तुकडे करून घालावं लागतं, ते दुकानात कोण सांगत नाही, माझ्या डाव्या अंगठ्याला विचारा.

जानेवारीत पंखा बंद पडला. दुकानदार म्हणाला कंपनीकडं पाठवायला पाहिजे, पंधरा दिवस लागतील. पाच आठवडे झाले तरी पत्ता नाही, फोन केला की "उद्या बघतो की", आणि शेवटी काय तर पंखा वॉरंटीत बसत नाही, वॉरंटी चुलीच्या नुसत्या सांगाड्याची आहे. चुलीला कसली वॉरंटी रे बाबा, तापतेय म्हणून? भांडून चूल परत आणली, गल्लीतल्या मोबाईल रिपेअरवाल्यानं जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवून दिला 120 रुपयांत, तो अजून फिरतोय. तेव्हा रागानं एक स्टार द्यायचं ठरवलं होतं, ते मागं घेतो. पंखा चालतोय तोवर जाळ झकास आहे.

आता माझं खरं दुखणं. हिला वैल नाही, म्हणजे उरलेल्या आचेवर चालणारं बाजूचं दुसरं तोंड! एक तोंड, एक भांडं, बस्स. भात उतरला की आमटी ठेवा, आमटी उतरली की पाणी ठेवा. मातीच्या साध्या चुलीला पण वैल असते, फुकटच्या आचेवर दूध नाहीतर आमटी रटरटत असते. माझ्या आजोळी खानापूरकडं अस्त्र ओले होती, ओले म्हणजे कन्नडात चूल. बेंगळूरच्या आयआयएस्सी या विज्ञान संस्थेतल्या अस्त्र केंद्रानं काढलेली ती, तीन भांडी ओळीत आणि धुराडं सरळ बाहेर. 80 च्या दशकात आपल्याच राज्यात तीन भांड्यांची चूल करून ठेवलेली असताना आत्ता 3,100 रुपये घेऊन एक भांडं? आजी शेवटच्या भोकावर दुधाचं पातेलं ठेवायची, दिवसभर तिथंच, संध्याकाळपर्यंत दूध गुलाबी आणि साय भाकरीएवढी जाड. नासायचा प्रश्नच नव्हता.

पाडव्यापासून चूल बंद केली. शेडमध्ये सकाळी आठनंतर बसवत नाही. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात पण ते म्हणणाऱ्यानं एप्रिलात आमच्या पत्र्याखाली भाकरी थापलेली दिसत नाही. मी आईला म्हटलं, अगं थोडं तरी पेटवूया की. ती म्हणाली, "तूच बस की दुपारी तिथं, मग सांग मला." चूल पोत्यात घालून माळ्यावर गेली आणि इंडक्शन आलं. तिथं माझा हिशोब चुकला. इंडक्शन 2000 वॅटचं, दिवसाला तासभर धरलं तरी 2 युनिट, महिन्याला 60. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेत, 200 युनिटच्या वर गेलं की सगळंच बिल भरावं लागतं, आणि एप्रिलात आमचं 214 झालं. 14 युनिटसाठी झिरो बिल गेलं. चूक माझीच, पण जीव जळाला.

आणि चुलीची आठवण येते ती पण नेमकी उन्हाळ्यातच बघा. पन्ह्याची कैरी इंगळावर भाजून करपवलेली पाहिजे. बायको कुकरला शिट्ट्या काढून करते, चांगलंच असतं, पण ते कैरीचं सरबत झालं. इंगळात भाजलेल्या फणसाच्या आठळ्यांचं तर बोलूच नका. शेडमध्ये जळण एवढं वाळून पडलंय, नुसतं आपटलं तरी वाजतं, आणि चूल माळ्यावर.

तर परवा रात्री वळीव आला, करंट गेला. त्याच वेळी गॅस संपला. दूध तापवायचं राहिलेलं. बॅटरीच्या उजेडात माळ्यावरनं चूल काढली तर पंखा फिरेना, दीड महिन्यात त्याची बॅटरी उतरलेली, चार्ज करायला करंट पाहिजे आणि करंटच नाही. बिनपंख्याचं पेटवलं तर घरभर धूर, आई खोकायला लागली, विझवलं. सकाळी दूध फाटलेलं.

मी म्हटलं वैल असती तर असं झालं नसतं. बायको म्हणाली, "वैल असती तरी चूल माळ्यावरच होती की." खरं आहे. पण रात्रभर विचार केला, वैल असती तर ती माळ्यावर गेलीच नसती. पहाटे साडेपाचला पेटवली, पुढं पाणी, मागं दूध, मग पुढं भात, मागं आमटी, साडेसहाला मोकळं, पत्रा तापायच्या आत. एकेका भांड्यानं तेच आठ वाजवतं, म्हणून कोण बसत नाही.

तीन स्टार. आज बेळगावात उद्यमबागला एका फॅब्रिकेशनवाल्याकडं चूल घेऊन गेलो. तो म्हणाला वरच्या कड्याला पत्र्याची जीभ काढून जाळ बाजूला वळवतो, त्याच्यावर दुसरं कडं, 350 होतील, शनिवारी या. मापाला म्हणून दुधाचं पातेलंच नेलं होतं. दोनदा घासलंय, वास अजून गेलेला नाही.