हातात आलेला सातबारा बनावट निघाला

वारस नोंद करून देतो म्हणून तहसीलबाहेरच्या एका एजंटाने आमच्याकडून 21,500 रुपये घेतले आणि बनावट सातबारा हातात ठेवला. उताऱ्यावर अजून आमच्या वारलेल्या वडिलांचं, अण्णांचंच नाव आहे. तालुका सांगत नाही, पण असा माणूस बहुतेक तहसिलींच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी सापडतो.

आधी 6,000 ‘फाईलचे’. मग तलाठी आणि सर्कलच्या नावाने 12,000. शेवटी 3,500 ‘ऑनलाइन चढवायचे’. एकाही रकमेची पावती नाही. मृत्यू दाखला, आईचं प्रतिज्ञापत्र, आम्हा दोघा भावंडांची आधार कार्डं, सगळं तो घेऊन गेला. (मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका.) 2025 मध्ये मयत खातेदारांच्या वारसांची नावं लावायला शासनाची ‘जिवंत सातबारा’ मोहीम चालू होती. ‘मोहिमेत लगेच होतं, फक्त वरचं बघावं लागतं,’ असं तो म्हणाला. पुण्याहून रजा टाकून गावी जायचं आणि तलाठी सजावर नाहीत म्हणून परत यायचं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना आम्ही पैसे का दिले ते कळेल.

संताप याचा होतो की खोटेपणा त्याच कागदावर दिसत होता. आमची तिघांची नावं छापलेली, पण नावांपुढे कंसातला फेरफार (हक्कबदलाच्या नोंदीचा) क्रमांक जुनाच, अण्णांच्या नावापुढे वाटणीपासून असलेला. नवीन नाव लागायला नवीन फेरफार लागतो. मी तो आकडा आईला मोठ्याने वाचून दाखवला होता! आणि हरकती मागवणारी नमुना 9 ची नोटीस? ती आलीच नव्हती. हरकतीचे 15 दिवस सुरूच झाले नाहीत तर नोंद मंजूर कशी होईल? पण सातबारा वाचायला कुठल्या शाळेत शिकवतात? कागदावर क्यूआर कोड होता, सही होती. आम्ही काय समजायचं?

भाऊ पीक कर्जासाठी बँकेत गेला, त्यांनी ऑनलाइन पाहिलं आणि सगळं उघडं पडलं. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत स्वतः काढता येतो. त्यावरचा 16 अंकी पडताळणी क्रमांक महाभूमीच्या साईटवर टाकून बघा. दुसऱ्याने आणलेल्या प्रिंटवर विसंबू नका.

तलाठी म्हणतात, तुमचा अर्जच आमच्याकडे नाही. तहसीलदार कार्यालयात विचारतात, पैसे आम्हाला दिले होते का? त्यांच्याच फाटकासमोर तो माणूस रोज टेबल टाकून बसतो, हे कुणालाच दिसत नाही? पोलीस ठाण्यात तर ‘जमिनीचं आहे ना, दिवाणीत जा’. सरकारी उतारा बनावट करणं दिवाणी कसं होईल? भारतीय न्याय संहितेतली फसवणुकीचं 318 आणि बनावटीकरणाचं 336 ही कलमं लिहून दिली. साध्या अर्जाची पोच मिळाली, गुन्हा नाही. वर ऐकवलं, ‘तुम्ही लाच दिलीत, तुमच्यावरच येईल.’ नवऱ्याच्या माघारी जमीन नावावर व्हावी म्हणून धडपडणाऱ्या बाईला हे सांगतात!

आता ई-हक्क या फेरफाराच्या सरकारी ऑनलाइन अर्जाच्या साईटवर आम्हीच अर्ज केलाय. अर्ज क्रमांक आणि नवा फेरफार क्रमांक दोन्ही मागून घ्या, फेरफारांची माहिती दाखवणाऱ्या ‘आपली चावडी’ या साईटवर गाव निवडून नोंद दिसते का पाहा. लाच मागितली तर लाचलुचपत विभागाच्या 1064 वर कळवा. आणि एजंटाकरवी नोंद करून घेतली असेल, तर आज रात्रीच उतारा काढून नावापुढचा क्रमांक जुळवा.