लाळेची नळी आणि १,७९० हा आकडा

माझ्या दत्तकविधानाच्या कागदात एक ओळ होती: ‘जन्मदात्रीचे वय २३, हे दुसरे अपत्य.’ म्हणजे पहिलं कुठेतरी होतं. नाव नाही, मुलगा की मुलगी तेही नाही. संस्थेने ‘फाईल बंद आहे’ म्हणून हात वर केले, तेव्हा मी घरबसल्या करायची डीएनए चाचणी मागवली. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझे तारे पाचपैकी साडेतीन.

आधी नळीबद्दल. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, मग रेघेपर्यंत लाळ भरायची. फेस धरायचा नाही, हे सूचनेत बारीक अक्षरात दिलंय. मी फेसासकट रेघ गाठली, झाकण घट्ट केलं, झाकणातलं औषध आत सांडलं आणि फेस बसल्यावर बघते तर लाळ रेघेच्या बरीच खाली. नमुना नापास. दुसरी नळी फुकट पाठवली, तेवढा त्यांचा मोठेपणा. दुसऱ्या वेळी शहाणी झाले. तोंड कोरडं पडलं की गाल बाहेरून चोळायचे, लाळ सुटते.

निकालात दूरच्या नातेवाइकांची लांबलचक यादी आली, बहुतेक ३० ते ६० सेंटिमॉर्गनवाले. दोघांच्या डीएनएचा किती भाग सारखा निघाला, त्याचं हे माप. सख्ख्या भावंडांत ते साधारण २,६०० भरतं, आई किंवा वडील यांपैकी एकच समान असेल तर १,७५० च्या आसपास. तिशी-चाळिशीतल्या आकड्यांवरून माणूस शोधणं जवळपास अशक्य. मी सात जणांना लिहिलं. एकाचं उत्तर आलं, तर त्यालाच स्वतःच्या आजोबांचं नाव ठाऊक नव्हतं.

जाहिरातीत ‘आम्ही शोधून देतो’ म्हणतात. शोधत कोणी नाही. आपण गळ टाकून बसायचं. समोरच्यानेही त्याच कंपनीच्या नळीत थुंकलं, तरच काही लागणार. म्हणून निकालाची कच्ची फाईल उतरवून जेडमॅच (GEDmatch) या साइटवर चढवा, तिथे वेगवेगळ्या कंपन्यांचे निकाल ताडून बघता येतात. फक्त एक सांभाळा. अमेरिकेत २०१८ मध्ये जुन्या खुनांच्या तपासात पोलिसांनी हीच साइट वापरली होती, आणि २०१९ पासून पोलिसांच्या तपासाला आपला निकाल खुला ठेवायचा का, हे आपल्याला विचारतात. ते न वाचता ‘हो’ म्हणू नका, आपल्याबरोबर आपली अख्खी भावकी त्यात ओढली जाते.

चौदा महिन्यांनी यादीच्या डोक्यावर एक बाई आली. १,७९०. शेजारी लेबल: ‘आंट किंवा हाफ सिस्टर’. अर्धा तारा मी इथे कापला. आंट म्हणजे आत्या की मावशी? मला नेमकं तेच हवं होतं, आईकडची की वडिलांकडची. आणि हाफ सिस्टरला ‘सावत्र’ म्हणायला जीभ रेटेना, सावत्र बहिणीशी रक्ताचं नातं नसूही शकतं. मराठीत शब्द आहे, सहोदर. एका पोटचे. बाप कोण, हे तो शब्द विचारतच नाही.

ते कोडं अर्धं सुटलं एक्स गुणसूत्राने. वडील आपला एकुलता एक एक्स मुलीला जसाच्या तसा देतात, त्यामुळे एका बापाच्या दोन मुलींचा एक एक्स या टोकापासून त्या टोकापर्यंत जुळायलाच हवा. आमचा मध्येमध्ये तुटत होता. म्हणजे वडील वेगळे. राहिली मावशी-आत्याची शंका.

निरोप पाठवताना कंपनीचं तयार बटण दाबू नका, त्यातला मजकूर उड्या मारत ‘नातं सापडलं!’ म्हणतो. समोरच्या बाईला आपण दत्तक आहोत हेच माहीत नसेल तर? मी एवढंच लिहिलं: ‘आपला डीएनए बराच जुळतोय. मी दत्तक आहे. बोलावंसं वाटलं तर कळवा, घाई नाही.’

उत्तर त्याच रात्री आलं होतं. मला दिसलं नवव्या दिवशी, कारण कंपनीने ना मेल पाठवला ना फोनवर काही दाखवलं. निरोप त्यांच्याच पेटीत पडून होता, आणि मी रोज मेल उघडून बघत होते. एक अख्खा तारा त्या नऊ दिवसांचा.

त्यात लिहिलं होतं, ‘मीही दत्तक. माझ्या कागदावर आईचं वय १९ आहे. तुमच्या?’ ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे. मावशी-आत्याची शंका तिथेच मिटली.

ताईला विचारलं, तू किती तारे देशील? म्हणाली, पाच. तिने निकाल पहिल्यांदा उघडला, तेव्हा मी आधीच यादीत होते.