गेटवेजवळचे शिडाच्या होडीचे प्रशिक्षण

गेटवे ऑफ इंडियाच्या परिसरातून मोजक्या किलबोटींवर (तळाखाली जड, स्थिर पाते असलेल्या शिडाच्या होड्यांवर) चालणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी शिडाची होडी चालवण्याचे प्राथमिक प्रशिक्षण घेतले. शिकवण्याची पद्धत उत्तम आहे. सुकाणू सुरुवातीपासूनच शिकणाऱ्याच्या हाती दिले जाते आणि वारा जिकडून येतो तिकडे होडी थेट जाऊ शकत नसल्यामुळे, त्याच्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन राखत, आलटून पालटून बाजू बदलत, तिला नागमोडी पुढे कसे न्यायचे, हे प्रशिक्षक पाण्यावरच, घाई न करता समजावतात. दुपारी वायव्येकडून येणारा वारा यासाठी फार सोयीचा असतो. सकाळच्या तुकडीला मात्र अनेकदा लोंबणारी शिडे पाहत बसावे लागते. जीवरक्षक जॅकेटे सुस्थितीत होती आणि ती घातल्याशिवाय कोणालाही होडीत घेतले गेले नाही.

नाराजी आहे ती वेळापत्रकाविषयी. शनिवार-रविवारी त्याच होड्या सूर्यास्ताच्या सहलींसाठी भाड्याने जातात आणि प्रशिक्षणाचा वेळ आखडतो. पावसाळ्यात होड्या बंद ठेवाव्या लागतात, देखभालीचा खर्च मात्र थांबत नाही, त्यामुळे सहलींच्या उत्पन्नाची गरज समजण्याजोगी आहे. तरीही शुल्क घेतानाच ही अडचण सांगायला हवी होती. नाव नोंदवणाऱ्यांनी सोमवार ते शुक्रवारमधील दुपारची तुकडीच आग्रहाने मागावी.