ग्रीसवीझल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

खानापुरातील आमचा छापखाना बंद झाला तेव्हा कपाटात ४१ फ्लॉप्या उरल्या. त्यांतल्या २३ सव्वापाच इंची, बाकीच्या साडेतीन इंची. त्या वाचण्यासाठी गेल्या नोव्हेंबरात मी ग्रीसवीझल व्ही४ घेतले. तळहातावर मावणारे हे सर्किट एकीकडे यूएसबीने संगणकाला आणि दुसरीकडे ३४ पिनांच्या पट्टीकेबलने जुन्या ड्राइव्हला जोडतात. साधा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह साडेतीन इंचीच वाचतो आणि एखादा सेक्टर, म्हणजे माहितीचा तुकडा, खराब निघाला की हात वर करतो. ग्रीसवीझल मात्र फ्लॉपीच्या आतील चकतीवरील चुंबकीय बदलांमधले अंतर जसेच्या तसे टिपून ठेवते, त्याचा अर्थ नंतर सावकाश लावता येतो. फाइल मूळ मजकुराच्या कित्येक पट मोठी होते, पण नाजूक चकती वारंवार फिरवावी लागत नाही.

सव्वापाच इंची ड्राइव्ह बेळगावातील एका भंगारवाल्याकडे मिळाला. त्याला लागणारे १२ व्होल्ट यूएसबीतून मिळत नाहीत, म्हणून जुन्या पीसीचा पॉवर सप्लाय वेगळा जोडला. माझ्या केबलमधल्या काही तारांना पीसीच्या केबलसारखा पीळ नव्हता आणि अशा केबलवर पीसीतला ड्राइव्ह पहिला म्हणजे ‘ए’ नव्हे, दुसरा म्हणजे ‘बी’ ठरतो, एवढे कळायला पहिला दिवस गेला. ड्राइव्हवरील जंपर, म्हणजे जोडणी ठरवणाऱ्या छोट्या टोप्या, कसे लावायचे यासाठी बिटसेव्हर्स या संकेतस्थळावरील जुन्या पुस्तिकांचे स्कॅन उपयोगी पडले.

आमच्याकडच्या पावसाने चकत्यांना बुरशी धरली होती. दुसरी फ्लॉपी मी न पाहताच आत सरकवली. करकर आवाज आला आणि बाहेर काढून पाहतो तो तपकिरी चकतीवर बारीक पारदर्शक कडे उमटलेले. चकती वाचणाऱ्या हेडने ऑक्साइडचा, म्हणजे माहिती साठवणारा, थर खरवडून नेला होता. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून चकती हाताने फिरवून उजेडात पाहतो, डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो आणि प्रत्येक फ्लॉपीनंतर हेडही पुसतो. अशा रीतीने ३४ फ्लॉप्या पूर्ण वाचल्या गेल्या.

जुन्या फ्लॉप्या अवघड जातील अशी माझी समजूत होती, झाले उलटेच. सव्वापाच इंचीवरील फाइली संगणकात भारतीय लिप्या आणणाऱ्या जिस्ट कार्डावर, इस्की या भारतीय लिप्यांच्या प्रमाणित संकेतात केलेल्या होत्या. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या युनिकोड या संकेताचा देवनागरी विभाग इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला असल्याने एका दुपारी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामने मजकूर उघडला. इस्कीत देवनागरी, कन्नड यांसारख्या लिप्यांना एकच संकेत असतो, त्यामुळे एकदा टंकलेली नावांची यादी लिपी बदलताच कन्नडमध्ये उमटे; सीमाभागातल्या छापखान्याला याचा केवढा आधार होता, हे वडील अजून सांगतात. नंतरच्या साडेतीन इंचीवरील लग्नपत्रिका मात्र कंपनीगणिक वेगळ्या फॉन्टसंकेतांत आहेत. फाइल उघडते, पण ‘श्री’च्या जागी भलतीच रोमन अक्षरे दिसतात आणि फॉन्टागणिक नवा तक्ता करत बसावे लागते.

हा दोष ग्रीसवीझलचा नव्हे. तरीही सारे काम कमांड टंकून चालते, त्यामुळे बटण दाबून मोकळे होऊ पाहणाऱ्याने हे घेऊ नये. उरलेल्या सातांपैकी चार फ्लॉप्या पाऊस ओसरल्यावर पुन्हा लावून पाहणार आहे. वाचलेल्यांची एक प्रत निपाणीला बहिणीकडे ठेवली आहे.