मोडाच्या नाचणीचं पीठ: घ्या, पण चॉकलेटवालं नको

बचत गटाच्या स्टॉलवरचं मोड आणून दळलेलं नाचणीचं पीठ सध्या रोज सकाळी चालू आहे, आधी गार पाण्यात कालवायचं मग उकळत्या पाण्यात सोडायचं नाहीतर गुठळ्या ठरलेल्या, वर ताक, मीठ, जिरेपूड, एकदम भारी लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं आणि मोड आणल्यावर फायटेट (धान्यातलं कॅल्शियम अडवून धरणारं द्रव्य) कमी होतं म्हणून कॅल्शियम जास्त अंगी लागतं, पण दोन चमच्यांत किती येणार, हिशोब करा की! प्रोटीन बेताचंच, जिमवाल्यांनी अंडी-डाळी सोडू नका. पाकिटावर 'शुगर कंट्रोल' छापलंय ते उगाच, पातळ पेज पटकन पचते, डायबेटिसवाल्यांना भाकरीच बरी. चॉकलेट फ्लेवरमध्ये तर साखरच पहिल्या नंबरला, तो डबा तिथेच ठेवला.